एका वीराची अनेक चरित्रे

देवळाच्या सभामंडपात रामकथा चालली असता एखादा जाणता श्रोता विचारतो, “बुवा, आपण लक्ष्मणरेषेचा प्रसंग फार रसाळ सांगितलात, परंतु वाल्मीकींच्या रामायणात ती रेषा कोठे आढळत नाही. मग खरे कोणते मानावयाचे?” या प्रश्नाला आपल्या कथेकऱ्यांनी व टीकाकारांनी फार पूर्वीपासून एक उत्तर सिद्ध करून ठेवले आहे. ते उत्तर म्हणजे कल्पभेद. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे एक कल्प. कल्पागणिक सृष्टी नव्याने होते, अवतारही पुनःपुन्हा होतात, आणि त्यांची चरित्रे तपशिलात थोडीथोडी निराळी असतात. तेव्हा दोन ग्रंथांत दोन वृत्तांत आढळले म्हणून त्यांपैकी एक खोटा ठरत नाही. ते दोन कल्पांचे वृत्तांत होत.

हे उत्तर श्रद्धेचे की युक्तीचे, हा वाद प्रस्तुत लेखात करावयाचा नाही. कथा आपल्या पहिल्या सांगणाऱ्यापेक्षा अधिक आयुष्याची निघाली, की हा प्रश्न कोणत्याही देशात उद्भवतो, एवढेच दाखवावयाचे आहे. तो उद्भवेल असे स्वप्नातही वाटू नये अशा एका ठिकाणी, म्हणजे अमेरिकेतील मुलांच्या दहा सेंट किमतीच्या चित्रकथांत, तो उद्भवला. आणि तेथील लेखकांनी, आपल्या पुराणांची पाने न चाळता, जवळजवळ हेच उत्तर शोधून काढले. देवाची आणि करमणुकीच्या नायकाची बरोबरी करण्याचा येथे हेतू नाही. तुलना आहे ती केवळ कथेच्या गतीची.

ज्या नायकाविषयी बोलावयाचे तो सुपरमॅन. त्याचे जनक जेरी सीगल आणि जो शुस्टर हे ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहराच्या एका शाळेतले सोबती. दोघांचाही जन्म १९१४ सालचा, दोघेही परदेशातून येऊन स्थायिक झालेल्या ज्यू कुटुंबांतले; सीगल लिहिणारा आणि शुस्टर चित्रे काढणारा. १९३३ च्या जानेवारीत त्यांनी स्वतःच काढलेल्या एका चक्रमुद्रित मासिकात ‘सुपरमॅन’ हे नाव प्रथम वापरले. मात्र त्या गोष्टीतला सुपरमॅन वीर नव्हता. तो होता जगावर सत्ता गाजवू पाहणारा, टकला, दुष्ट मनुष्य! ज्याची पुढे इतकी चरित्रे झाली, त्याचे पहिले चरित्र खलपुरुषाचे असावे ही गंमत ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

त्यानंतर मित्रांनी ती कल्पना पालटली, नायकाला सज्जन केले, आणि पाच वर्षे प्रकाशकांचे उंबरठे झिजविले. अखेर १९३८ च्या मार्चमध्ये तेरा पानांची गोष्ट पानाला दहा डॉलर या दराने, म्हणजे १३० डॉलरला, विकली गेली. आणि त्याच कागदावरील सहीने नायकाचे सर्व हक्कही प्रकाशकाकडे गेले. ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक १९३८ च्या एप्रिलमध्ये बाजारात आला. त्यावर महिना छापला होता जूनचा.

त्या अंकातील सुपरमॅन आज कोणी पाहिला तर त्याला ओळख पटणे कठीण. तो उडत नाही. उडी मारतो, आणि ती उडी मैलाचा आठवा भाग. तो आगगाडीहून वेगाने धावतो; त्याची कातडी भेदावयाची तर फुटणारा तोफगोळाच हवा. त्याचे शत्रू कोणी परग्रहावरचे राक्षस नव्हेत. बायकोला मारणारा नवरा, लाच देऊन युद्ध पेटवू पाहणारे लोक, मजुरांच्या जिवाची पर्वा न करणारा खाणमालक, ही त्याच्या पहिल्या अंकांतील प्रकरणे. त्या वेळी अमेरिका मोठ्या मंदीतून बाहेर पडण्याची धडपड करीत होती, आणि गरीब वस्तीतील दोन तरुणांनी गरिबांचा कैवारी निर्माण केला होता. कायद्याची चाड त्याला फारशी नव्हती. पुढे हाच नायक पोलिसांचा मित्र आणि सुव्यवस्थेचा रक्षक झाला.

हा पालट झाला कसा? आपल्याकडे कीर्तनकार, शाहीर, दशावतारी नट हे जसे मूळ कथेत आपापल्या पदरची भर घालतात, तसेच तेथेही झाले. १९४० च्या फेब्रुवारीत सुपरमॅनची नभोवाणीवरील मालिका सुरू झाली. वर्तमानपत्राचा संपादक पेरी व्हाइट हा त्या मालिकेतून आला. ज्याच्यापुढे सुपरमॅनची शक्ती लोपते ते ‘क्रिप्टोनाइट’ हे खनिजही १९४३ साली तिच्यातूनच आले. नभोवाणीवर आणि १९४१ पासून निघालेल्या फ्लायशर बंधूंच्या चलच्चित्रांत तो उडी मारण्याऐवजी उडू लागला, आणि चित्रकथेतील नायकालाही मग जमिनीवर राहणे शोभेना. जॉर्ज लोथर यांच्या १९४२ सालच्या कादंबरीने त्याच्या पित्याचे नाव ‘जोर-एल’ असे लिहिले. त्यापूर्वी त्या नावाच्या शेवटी केवळ ‘एल’ हे एकच इंग्रजी अक्षर होते. तो ज्या वृत्तपत्रात नोकरी करतो ते आधी ‘डेली स्टार’ होते, ते १९४० साली ‘डेली प्लॅनेट’ झाले. संपादक जॉर्ज टेलर कोठे गेला हे कोणी सांगितले नाही. पहिल्या अंकात हे परग्रहावरचे मूल अनाथाश्रमात वाढते. वर्षभरात त्याला केंट दांपत्य हे पालक मिळाले, आणि त्यांची नावेही पुढे एकदोनदा बदलली.

सर्वांत मोठी विसंगती निर्माण झाली ती १९४५ साली. त्या वर्षी ‘सुपरबॉय’ या नावाने त्याच्या बालपणीच्या पराक्रमांची मालिका सुरू झाली. आधीच्या कथांप्रमाणे त्याने हा वेष प्रथम धारण केला तो मोठेपणी; आता तर तो कुमारवयातच गावाचे रक्षण करू लागला. कृष्णकथेत बाललीला आणि द्वारकेचे राजकारण एकमेकांशी सुखाने नांदतात. येथे मात्र दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नव्हत्या.

आरंभी याची कोणाला खंत नव्हती. मुले अंक वाचून टाकून देत, आणि चारपाच वर्षांनी नवी मुले येत. परंतु १९६० च्या सुमारास एक निराळाच वाचकवर्ग पुढे आला. लहानपणीचे अंक त्याने जपून ठेवले होते, आणि तो संपादकांना पत्रे लिहून विचारी की अमुक अंकात असे म्हटले होते, आता तसे कसे? हाच आपल्या सभामंडपातला जाणता श्रोता.

संपादकांनी त्याला दोन उत्तरे दिली. पहिले उत्तर सुपरमॅनचे तत्कालीन संपादक मॉर्ट वाइसिंगर यांचे. ज्या कथा नेहमीच्या चरित्रात बसणार नाहीत, त्यांच्यावर ‘काल्पनिक कथा’ असा शिक्का मारावा, म्हणजे लेखकाला मोकळीक राहते आणि मुख्य चरित्राला धक्का लागत नाही. या प्रकारातील सर्वांत गाजलेली गोष्ट १९६१ च्या नोव्हेंबरच्या अंकात आली. तीत सुपरमॅन मरतो, आणि खरोखरच मरतो. अखेरच्या पानावर तो उठून बसत नाही. ही कथा लिहिली होती जेरी सीगल यांनी. हक्कांसाठी १९४७ साली केलेल्या दाव्यात यश न आल्यावर दोघा मित्रांची नावे कथांवरून काढून टाकली गेली होती, आणि १९५९ पासून सीगल त्याच कचेरीत, आपणच निर्माण केलेल्या नायकाच्या गोष्टी निनावी लिहीत होते. पित्याने पुत्राचा मृत्यू लिहावा, आणि त्याखाली पित्याचे नाव नसावे!

दुसरे उत्तर आले दुसऱ्या एका वीराच्या निमित्ताने. विजेच्या वेगाने धावणारा ‘फ्लॅश’ १९४० साली अवतरला होता. त्याचे खरे नाव जे गॅरिक. महायुद्धानंतर अशा वीरांची लोकप्रियता ओसरली आणि १९४९ साली त्याचे मासिक बंद पडले. १९५६ साली ज्युलियस श्वार्ट्झ या संपादकांनी नाव तेच ठेवून फ्लॅश नव्याने घडविला. हा होता बॅरी अ‍ॅलन, पोलिसखात्यातला शास्त्रज्ञ. गंमत अशी की नवा फ्लॅश आपल्या पहिल्याच कथेत जुन्या फ्लॅशची चित्रकथा वाचताना दिसतो. त्याच्या लेखी जुना फ्लॅश हे केवळ पुस्तकातले पात्र होते.

मग १९६१ च्या सप्टेंबरच्या अंकात गार्डनर फॉक्स यांनी लिहिलेली आणि कार्माइन इन्फँटिनो यांनी चितारलेली ‘दोन जगांचा फ्लॅश’ ही कथा प्रसिद्ध झाली. नवा फ्लॅश अनाथ मुलांसमोर दोरीवर चढून अदृश्य होण्याचा खेळ करतो. जगभर भारतीय जादूगारांच्या नावावर चालत आलेला तो हाच खेळ! शरीर अतिवेगाने कंप पावल्यामुळे तो खरोखरच अदृश्य होतो आणि एका दुसऱ्याच पृथ्वीवर जाऊन पडतो. तेथे त्याला जे गॅरिक भेटतो; वयस्क झालेला, पण हाडामांसाचा. दोन पृथ्वी एकाच जागी आहेत. त्यांचे कंपन भिन्न असल्याने त्या एकमेकींना दिसत नाहीत, असा खुलासा कथेत येतो. मग एका पृथ्वीवरचा खरा इतिहास दुसऱ्या पृथ्वीवर पुस्तकात कसा उतरला? तर गार्डनर फॉक्स यांचे मन झोपेत त्या दुसऱ्या पृथ्वीशी जुळत असे, आणि जे दिसे ते ते जागेपणी गोष्ट म्हणून लिहीत! आपल्या वाचकांना येथे वाल्मीकींची आठवण झाल्याखेरीज राहणार नाही. ब्रह्मदेवाच्या वराने त्यांना रामाचे सारे चरित्र दिसले आणि त्यांनी ते लिहिले. लेखक कथा रचीत नाही, तो ती पाहतो, ही कल्पना दोन्हीकडे सारखीच आहे.

१९६३ साली या दोन जगांना ‘पृथ्वी एक’ आणि ‘पृथ्वी दोन’ अशी नावे मिळाली. पुढल्याच वर्षी तिसरी पृथ्वी आली. तेथे सगळे उलटे. आपले वीर तेथे चोर आणि जुलमी. अशा रीतीने १९३३ सालचा दुष्ट सुपरमॅन, कोणाच्या ध्यानीमनी नसता, निराळ्या रूपात परत आला असे म्हणता येईल.

आता खरी अडचण सुपरमॅनची होती. फ्लॅशचे मासिक मध्ये बंद पडल्याने जुना कोठे संपला आणि नवा कोठे सुरू झाला ते स्पष्ट होते. सुपरमॅनच्या कथा तर १९३८ पासून एकदाही खंडित झाल्या नव्हत्या. त्या प्रवाहात रेषा ओढावी कोठे? त्यावर जी तोड निघाली ती मोठी मार्मिक आहे. ज्या गोष्टी आजवर जुन्या लेखकांच्या चुका किंवा विसरभोळेपणा म्हणून गणल्या जात, त्याच ‘पृथ्वी दोन’वरील सुपरमॅनच्या खुणा ठरल्या. डेली स्टार हे वृत्तपत्र, जॉर्ज टेलर हा संपादक, नावाच्या अंती एकच अक्षर हे सारे त्याचे. इतकेच नव्हे, तर पृथ्वी एकवरील सुपरमॅनला जे कधी लाभले नाही तेही त्याला मिळाले: वय. त्याच्या कानशिलावरचे केस पिकले. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या कथेत लोइस लेनशी त्याच्या विवाहाची हकीकत आली. तो स्वतः डेली स्टारचा संपादक झाला. पाठभेद म्हणून जे टाकून द्यावयाचे, त्यातून एक सबंध मनुष्य उभा राहिला.

भूमी बदलली म्हणजे वीरही बदलतो, याचाही प्रत्यय पुढे आला. मार्क मिलर यांच्या २००३ सालच्या एका कथेत बाळाचे यान अमेरिकेऐवजी युक्रेनमधील सामुदायिक शेतावर उतरते, आणि सुपरमॅन सोव्हिएत सत्तेचा आधारस्तंभ होतो. अशा स्थलांतराचा अनुभव मराठी वाचकालाही आहे, मात्र तो दुसऱ्या एका वीराच्या बाबतीत. ली फॉक यांचा १९३६ सालचा ‘फँटम’ १९६४ पासून मुंबईच्या इंद्रजाल कॉमिक्समधून येऊ लागला. मुळातील बंगाला हा देश भारतीय आवृत्तीत डेंकाली झाला, आणि मराठीत त्या वीराचे नाव वेताळ असे पडले. आमोण्याला किंवा पैंगीणला वेताळाचे देऊळ पाहिलेल्या गोमंतकीय मुलाला त्या नावात जे ऐकू आले असेल, ते मूळ लेखकाच्या कल्पनेतही नसणार.

असो. पृथ्वींची संख्या वाढत गेली आणि १९८० नंतर प्रकाशकांना वाटू लागले की नव्या वाचकाला हे ओझे पेलणार नाही. संस्थेच्या पन्नासाव्या वर्षाच्या निमित्ताने ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ ही बारा अंकांची कथा १९८५-८६ मध्ये काढण्यात आली. लेखक मार्व्ह वोल्फमन, चित्रकार जॉर्ज पेरेझ. तीत एकामागून एक विश्वे नष्ट होतात, बॅरी अ‍ॅलनही प्राण देतो, आणि अखेर एकच पृथ्वी, एकच इतिहास उरतो. पृथ्वी दोनवरील वृद्ध सुपरमॅन आपल्या पत्नीसह एका शांत लोकी निघून जातो. त्यानंतर १९८६ साली जॉन बर्न यांनी सुपरमॅनचे चरित्र पहिल्यापासून लिहिले. त्यात पालक जिवंत आहेत आणि सुपरबॉय कधी झालाच नाही.

आपल्याकडे एक लोककथा सांगतात. रामाची अंगठी जमिनीच्या भेगेत पडते, आणि ती आणण्यासाठी हनुमान पाताळात उतरतो. तेथला राजा त्याच्यापुढे एक तबक ठेवतो. त्यात हजारो अंगठ्या असतात, सगळ्या रामाच्या आणि सगळ्या सारख्या. आजवर जितके राम होऊन गेले तितक्या या अंगठ्या, असे तो सांगतो. १९८६ साली अमेरिकेतील त्या प्रकाशकांनी केले ते असे की तबकातली एक अंगठी ठेवून बाकीच्या फेकून दिल्या.

पण त्या गेल्या नाहीत. सुपरबॉय झालाच नाही म्हटल्यावर, त्याच्यापासून स्फूर्ती घेतलेल्या भविष्यकाळातील वीरांच्या संघाचे काय, हा प्रश्न लगेच उभा राहिला. तेव्हा १९८७ साली एक छोटेसे वेगळे विश्व कल्पून त्यात सुपरबॉय होता असे सांगावे लागले. म्हणजे एकच विश्व राहण्याचा नियम वर्षभरात मोडला. वृद्ध सुपरमॅनची चुलतबहीण पॉवर गर्ल जन्मकथेवाचून उरली, आणि तिला अटलांटिसच्या एका प्राचीन मांत्रिकाच्या वंशात घालावे लागले. १९९४ साली पुन्हा एकदा काळाची दुरुस्ती झाली. २००६ साली वृद्ध सुपरमॅन परत येऊन मरण पावला, आणि २००७ साली बावन्न विश्वे अस्तित्वात असल्याचे जाहीर झाले. २०११ साली पुन्हा सारे नव्याने सुरू झाले. तीत तरुण, अविवाहित सुपरमॅन आला. २०१६ साली त्याच्या जागी आधीचा, पत्नी व मुलगा असलेला सुपरमॅन आला. एकच चरित्र खरे ठरविण्याचा प्रयत्न जितक्या वेळा झाला, तितक्या वेळा नवे एक चरित्र मात्र वाढले.

याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. छापलेली गोष्ट रद्द करता येते. परंतु ज्याने ती लहानपणी वाचली त्याच्या मनातून ती कोण काढणार? अध्यात्मरामायणात वनवासाच्या प्रसंगी राम सीतेला अयोध्येत राहण्यास सांगतो; तेव्हा ती म्हणते की ब्राह्मणांच्या तोंडून आजवर पुष्कळ रामायणे ऐकली, त्यांत सीतेवाचून राम कधी वनात गेला आहे काय? कथेतील पात्रच इतर कथांची साक्ष काढते! जुनी चरित्रे नव्या चरित्राला अशीच जाब विचारीत राहतात, आणि नव्याने त्यांना उत्तर द्यावे लागते. यातच परंपरेचे सातत्य आहे.

तथापि आपल्या आणि त्यांच्या परंपरेत एक भेद आहे, आणि तो लहान नव्हे. रामकथेला मालक नाही. अमुक प्रसंग घालू नका असे एकनाथांना वा श्रीधरांना सांगणारी कोणतीही कचेरी नव्हती. कोणते चरित्र टिकावे ते ऐकणाऱ्यांनी ठरविले. सुपरमॅनची चरित्रे कितीही झाली तरी ‘आजचे खरे कोणते’ हे ठरविण्याचा अधिकार एका व्यापारी संस्थेकडे राहिला, आणि तो १३० डॉलरच्या व्यवहारातून आला होता. दुसरा भेद याहून बोचणारा आहे. आपल्या संतकवींनी प्रत्येक अभंगाच्या अखेरीस आपली नाममुद्रा घातली. गाणारा कोणीही असो, कवीचे नाव घेतल्याखेरीज अभंग पुरा होत नाही. सीगल आणि शुस्टर यांना अशी मुद्रा घालता आली नव्हती. सुपरमॅनवर मोठा चित्रपट निघणार अशी वार्ता आल्यावर, १९७५ साली, सीगल यांनी वृत्तपत्रांना पत्र पाठवून आपली दैना जगापुढे मांडली. शुस्टर यांची दृष्टी तोवर मंदावली होती. लोकमताचा दाब आला, आणि त्या वर्षाच्या अखेरीस प्रत्येकी वर्षाला २०,००० डॉलरचे निवृत्तिवेतन मिळाले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, ‘निर्माते: जेरी सीगल आणि जो शुस्टर’ या शब्दांना पुन्हा जागा मिळाली. १९९२ साली शुस्टर आणि १९९६ साली सीगल निवर्तले. चरित्रे बदलली, पृथ्वी बदलल्या. पण तेव्हापासून ही ओळ बदललेली नाही.

आता काळ आणखी एक उत्तर देणार आहे. अमेरिकेच्या सध्याच्या कायद्याप्रमाणे १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या कृतीवरील स्वामित्वहक्क ९५ वर्षे चालतो. म्हणून १ जानेवारी २०३४ पासून ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकातील सुपरमॅन सर्वांचा होईल. मात्र त्यापुढील भर त्या त्या सालाप्रमाणे क्रमाक्रमाने मुक्त होईल, आणि व्यापारी बोधचिन्हाचे निर्बंधही राहतीलच. म्हणजे पहिल्या दिवशी लोकांच्या हाती येईल तो उडणारा सुपरमॅन नव्हे. मैलाचा आठवा भाग उडी मारणारा, खाणमजुरांचा कैवार घेणारा, क्लीव्हलँडच्या दोन पोरांनी मंदीच्या दिवसांत कल्पिलेला तो पहिला वीर येईल. ज्याला इतकी वर्षे जुना पाठ म्हणून बाजूला ठेवले, तोच आधी सुटेल. त्यानंतर त्याचे चरित्र सांगावयास कोणाची अनुज्ञा लागणार नाही. सांगणाऱ्याने पहिल्या दोघांचे नाव घ्यावे, एवढे ऋण मात्र उरेल.